काकांचं लॅमिनेशन

काकांचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. त्यांच्या हाती लागलेला कागद उघडा राहत नाही. माझं गुणपत्रक, विजेचं बिल, काकूची औषधांची चिठ्ठीसुद्धा प्लॅस्टिकमध्ये! म्हणून परदेशात फिरायला निघण्याआधी मी चांगलं बजावलं होतं, "काका, व्हिसाच्या प्रिंटला हात लावायचा नाही. तिथे उतरल्यावर तिच्यावर शिक्का मारतात."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" काका फणकारले.

तिथल्या विमानतळावर त्यांनी काउंटरवर तिघांचे व्हिसे ठेवले. चकाचक लॅमिनेट केलेले! अधिकाऱ्याने शिक्का मारला, तर शाई पसरली. काकांनी तत्परतेने ती रुमालाने पुसून दिली. "मारा पुन्हा," म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मागे ही लांबलचक रांग!

काकूने शांतपणे पर्स उघडली आणि तीन साध्या प्रिंट पुढे केल्या. "यांच्याशी संसार करायचा म्हणजे प्रत्येक कागद दोनदा काढावा लागतो," ती मला म्हणाली.

अधिकाऱ्याला हसू आवरेना. त्याने धडाधड तीन शिक्के मारले. "नीट सांभाळा. परत जाताना हेच कागद दाखवायचे आहेत."

काकांनी मान डोलावली. काकूने कागद पर्समध्ये टाकले, चेन ओढली आणि पर्स काखेत घट्ट धरली.

हॉटेलात पोचल्यावर खोलीची किल्ली घ्यायच्याही आधी काकांनी काउंटरवर हळूच विचारलं, "इथे जवळपास लॅमिनेशन कुठे करून मिळेल हो?"