सारजाबाईचा बर्फ

मी बर्फाचा ट्रे बोलतोय. निळा, प्लास्टिकचा. संभाजीनगरातल्या एका दवाखान्यात, लेकरांच्या कॅन्सर वार्डातल्या फ्रिजमध्ये माझा मुक्काम.

साल दुष्काळाचं होतं. खिडकीसमोर इमारतींवर मजले चढत होते, पण नळाला पाणी नाय. टँकर यायचा. माझ्यात मात्र उकळून निववलेलंच पाणी भरायचे; या लेकरांना साधं पाणीही बाधतं.

पिशोरची दीपमाला सात वर्षांची. तिच्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी आधीच काढून गोठवून ठेवल्या होत्या. आता लई जबर औषध देऊन उरलासुरला कॅन्सर मारायचा, मग त्या पेशी परत सोडायच्या. पण ते औषध तोंड आतून सोलून काढतं. म्हणून ते चढत असताना तोंडात सारखा बर्फ धरायचा. गारव्यानं औषध तिथं कमी पोचतं.

आई काचेच्या खोलीत लेकीपाशी. बर्फ आणायचं काम बाहेर आजीकडं, सारजाबाईकडं. तिनं मला फ्रिजमधून काढलं आणि गुपचूप उन्हाच्या खिडकीत ठेवलं.

गीता सिस्टर आली. "मावशी, बर्फ कुठंय? औषध लावायचं थांबलंय."

"इतळू दिला, माय. आजारी लेकराला कुणी बर्फ देतं व्हय? नरडं धरंल, खोकला व्हईल."

"खोकला परवडला, मावशी. तोंड सोललं तर पोरीला थुंकीसुद्धा गिळता यायची नाय."

सारजाबाईनं मला खिडकीतनं झटकन उचललं. "मंग आता?"

"आता परत भरू. बर्फ होईस्तोवर औषध थांबवते."

म्हातारी फ्रिजपुढंच ठाण मांडून बसली. घडीघडी दार उघडून मला बाहेरून बोट लावून बघायची.

"मावशी, तुम्ही उघडता म्हणून तर उशीर होतोय!"

सांजच्याला औषध लागलं. अर्ध्यातच दीपमाला रडायला लागली, "दात ठणकतेत. नको." तवा सारजाबाईनं माझ्यातला एक खडा उचलला, काचेपाशी गेली अन् तोंडात टाकला. हनुवटी लटलट उडायला लागली, डोळे पांढरे झाले, पण थुंकला नाय. पोरगी रडता रडता हसली अन् तिनं आ केला.

पुढं पेशी परत सोडल्या. ताप आला, केस गेले. तोंड लालबुंद झालं, पण फुटलं नाय. एका दुपारी आईनं कुकरमधली मऊ खिचडी भरवली, तर काचेआडून फोनवर आवाज आला, "आज्जे, ह्यात मीठच नाय!"

सारजाबाईनं पदर डोळ्याला लावला. "नावं ठेवती बघ, सिस्टर! खिचडीला नावं ठेवती!"

आता माझा कोपरा तडकलाय, पाणी धरत नाय. उद्या नवा ट्रे येईल. जाता जाता एवढंच सांगणं, बाबांनो, मनात शंका आली तर सिस्टरला विचारा. लाजू नका. इथं कुणी हसत नाय.