वाघासाठी घेतलेला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. पन्नास मिलिमीटरची, प्लास्टिकच्या अंगाची, मुठीत मावेल एवढी. मला झूम नाही. लांबचं जवळ आणणं मला जमत नाही. पण माझं तोंड मोठं उघडतं, त्यामुळे अंधूक खोलीतही माझं भागतं. ही बढाई नव्हे, तसा आकडाच माझ्यावर छापलेला आहे.

वर्ध्यातल्या एका स्टुडिओत मी सहा वर्षं पासपोर्टचे फोटो काढले. मग मालकाने नवी लेन्स आणली आणि मी हिरालालभाऊंच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात, कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात गेले. तिथे दोन वर्षं मला कुणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये दुकानात रक्षा आली. बोर धरणाजवळच्या हिंगणीची, बावीस वर्षांची मुलगी. तिची आई रामबाई तेंदूपत्ता तोडते. हंगामाच्या पैशातून घरावर नवे टिन टाकायचे होते. ते पैसे आईने लेकीला कॅमेऱ्यासाठी दिले, पण एका अटीवर. पुढच्या तेंदूच्या हंगामापर्यंत कॅमेऱ्याने नेमाने काम आणलं नाही, तर तो विकायचा आणि रक्षाने बुटीबोरीच्या कंपनीत जायचं.

"काढशीन काय?" हिरालालभाऊंनी विचारलं.

"वाघ."

बोरच्या जंगलात वाघ आहेत, त्यामुळे तिथल्या माणसाला दुसरं सुचतच नाही. तिकडे कॅमेरा म्हटलं की पहिला प्रश्न हाच, वाघाचा फोटो निघन का? हिरालालभाऊ म्हणाले, "पहिला कॅमेरा हाय बेटा. बॉडी जुनी घे, चालते. पण काम कोणतं भेटन ते आधी पाह्य, मंग लेन्स घे." रक्षाने मान डोलावली आणि हातभर लांब झूम लेन्स घेतली. मला त्यांनी त्या लेन्सवर फुकट दिलं, भाजीवाला वरून कोथिंबीर घालतो तसं. मला राग आला. खरं सांगायचं तर अजून थोडा आहे.

पुढचे आठ महिने मी एका जुन्या मोज्यात पडून होते. रक्षा पहाटे धरणाकडे जायची. नीलगाई निघाल्या, माकडं निघाली, हललेलं गवत तर पुष्कळ निघालं. वाघ काही निघाला नाही. गावातले लोक चिडवायचे, "काय वो रक्षा, वाघानं तारीख देल्ली का?" रामबाई चिडवायची नाही. पावसाळ्यात गळक्या टिनाखाली घमेलं सरकवायची. रक्षाला तेच जास्त लागायचं.

फेब्रुवारीत पहिलं काम आलं. कॉलेजातली मैत्रीण काजल, अल्लीपूरची, तिचं लग्न होतं. घरच्यांना हिंगणघाटचा फोटोवाला हवा होता, काजलने हट्ट करून रक्षाला बोलावलं.

हळद मधल्या खोलीत लागत होती, कारण अंगणात मांडवाचं काम उरकलं नव्हतं. खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यातही बायका बसलेल्या. रक्षा सवयीप्रमाणे लांब, दारात उभी राहिली. बायकांकडे ती वाघाकडे पाहावं तशी पाहत होती. मोठ्या लेन्सला तेवढ्या उजेडात धड दिसेना. एकामागून एक फोटो काळे आणि हललेले आले. काजलची आई कोकिळाबाई जवळ आल्या.

"पोरी, निघत नसन तं आत्ताच सांग. आम्ही दुसऱ्याले बोलावतो. हळद काई दुसऱ्यांदा लागत नाई."

रक्षाने पिशवीत हात घातला. तिने मला मोज्यातून काढलं आणि मोठ्या लेन्सच्या जागी कॅमेऱ्याला लावलं.

मित्रांनो, झूम नसलेल्या लेन्सचं काम पायांनी करावं लागतं. रक्षा बायकांतून वाट काढत आत शिरली. कुणी म्हटलं, "सरक वो माय, बसू दे तिले." ती पाटाजवळ खाली बसली. कुणीतरी तिच्याही गालाला हळद फासली आणि थोडी मलाही लागली. कोकिळाबाई लेकीला हळद लावत होत्या. हात गालावर आला आणि तिथेच राहिला. रक्षा हातभर अंतरावर होती. तिने बटण दाबलं.

संध्याकाळी कोकिळाबाईंनी तो फोटो कॅमेऱ्यातच पाहिला. "माह्या मायसंग माहा असा एकबी फोटो नाई," एवढंच त्या म्हणाल्या. हिंगणघाटला फोन गेला नाही.

पण एका लग्नाने माझा जीव काही भांड्यात पडला नाही. त्यानंतर दुसरं काम आलंच नाही. मे महिना लागला, तेंदूची तोड सुरू झाली. कबूल केलेली मुदत संपली होती. रक्षाने स्वतःहून कॅमेरा पिशवीत भरला आणि अंगणात पानांचे पुडे बांधत बसलेल्या आईसमोर ठेवला. कॅमेरा विकण्याआधी आईला एक फोटो तरी दाखवावा म्हणून तिने तो बाहेर काढून हळदीचा फोटो उघडला. रामबाईने तो पाहिला.

"इतक्या लोकाईचे काढले," ती म्हणाली, "मले काऊन नाई काढलं?"

वर्षभर एका घरात राहून आम्ही त्या बाईकडे एकदाही वळलो नव्हतो. मला फार लाज वाटली.

रामबाई लुगडं बदलायला उठू लागली. रक्षा म्हणाली, "राहू दे माय. अशीच बस." मला कॅमेऱ्याला लावून ती आईच्या समोर, पानांच्या कचऱ्यातच बसली. रामबाईचे हात बांधणीतच होते, बोटं पानांच्या चिकाने काळी झालेली. तिने माझ्याकडे पाहिलं. पासपोर्टसाठी पाहतात तसं नाही, लेकीकडे पाहतात तसं. माझ्या उभ्या आयुष्यात तसं कुणी पाहिलं नव्हतं. रक्षाने बटण दाबलं.

मित्रांनो, लेन्सला ओल सोसत नाही. आत बुरशी धरते आणि मग कितीही पुसा, दिसणं मंदावतं. मला ओढणीने पुसू नका, वापर नसला तर मोज्यात कोंबू नका. हे मी सांगायला हवं होतं, पण माझ्याआधी रामबाईच बोलली. तिने कॅमेरा पिशवीत ठेवला, पिशवी अंगणातून घरात नेली आणि पत्रा जिथे गळत नाही त्या कोपऱ्यात, वरच्या फळीवर ठेवली.

"पानाले वल्ल लागली का बुरशी धरते," ती म्हणाली. "याचंही तसंच असन. पानी यायच्या आधी याले चांगला डबा पाह्य."