चारशे एप्रन, दीडशे झगे

"उचल ती पुस्तकं. खाली पँटचं कापड आखलंय," मास्तर म्हणाले.

लेकीने कॉलेजांची माहितीपुस्तकं उचलली नाहीत, नुसती सरकवली. "बाबा, आज पाचला प्रवेश बंद होतायत. दोन दिवस झाले, तुमचं आपलं बघू, बघू."

गल्लीभर त्यांना मास्तर म्हणत, पण ते शिंपी. शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच तुटलेला. आणि लेकीला कुठल्या कॉलेजात घालायचं, हे आता त्यांनी ठरवायचं होतं! जुन्या कॉलेजची फी बेताची, इमारत मात्र कळकट. नव्याची फी तिप्पट, पण इमारत काचेची आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सरासरी पगाराचा भला मोठा आकडा. लेकीचा सगळा जीव त्या आकड्यात अडकला होता.

मास्तरांच्या डोक्यात मात्र दुसरेच आकडे होते. दोन्ही कॉलेजांचे प्रयोगशाळेतले एप्रन आणि पदवीदानाचे झगे तेच शिवत.

"नव्याचे दरवर्षी चारशे एप्रन शिवतो मी," ते म्हणाले. "चार वर्षांनी त्याच पोरांचे झगे किती? दीडशे. जुन्याचे एप्रन दोनशे आणि झगे पावणेदोनशे. मग नव्याची बाकीची पोरं गेली कुठं?"

"अहो बाबा, झग्यांवरून कुणी कॉलेज ठरवतं का? मैत्रिणी हसतील मला."

मास्तरांनी कात्री उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. शिकलेल्या लेकीपुढे आपलं म्हणणं त्यांना स्वतःलाच पोरकट वाटू लागलं.

तेवढ्यात एक तरुण शर्ट घेऊन आला. नव्या कॉलेजातून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला. त्याचाही झगा मास्तरांनीच शिवला होता. "कॉलरचं बघा काहीतरी, मास्तर," तो म्हणाला.

लेकीने त्याला लगेच गाठलं. "दादा, तुम्ही तिथलेच ना? पुस्तकात लिहिलाय तेवढा पगार मिळतो का हो?"

तरुणाने आधी मास्तरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मिळतो की. थोडा जास्तच." आणि उद्या येतो म्हणून तो सटकला.

"बघा! आता तरी पटलं?" लेकीचा चेहरा फुलला होता.

मास्तरांना चीड आली. त्या पोराची नाही, स्वतःचीच. त्याला तोंडावर खोटं पाडायला त्यांची जीभ रेटली नव्हती. पण म्हणून लेकीची चार वर्षं पणाला लावायची? त्यांनी शर्ट आणि ब्लेड तिच्यापुढे ठेवलं. "जायच्या आधी एवढी कॉलर उसवून दे."

तिने घाईघाईने टाके काढले. कॉलर हातात आली तशी तिने ती उलटून पाहिली. "बाबा, ही तर दोन्हीकडून विरलीये."

"एक बाजू विरली तेव्हा गेल्या वर्षी मीच पलटून दिली होती. ऑफिसचा एवढा एकच शर्ट आहे त्याच्याकडे."

तिने कॉलर घडी घालून शर्टावर ठेवली. मग हळूच म्हणाली, "मी बघितलं म्हणून सांगू नका हं त्यांना."

"नाही सांगत."

"जुन्या कॉलेजला चालत किती वेळ लागेल?"

"अर्धा तास. सूट आता."

ती गेल्यावर मास्तरांनी शर्टाच्या खालच्या घेरातून बोटभर पट्टी काढली आणि नवी कॉलर बेतायला घेतली. शर्ट खोचला की खालचा तोकडेपणा कुणाला दिसत नाही.