टोकाची जागा

शाळेत मी बसले थोडी, शाळेची बाकं केली ढीगभर. घासून घासून बोटांचे ठसे गेले, पण आमच्या कारखान्याचं बाक कधी डुगडुगलं नाही. त्यामुळे त्या बड्या कॉलेजला माझ्या नावानं वाचनालय बांधून देतोय, असं माझ्या थोरल्यानं सांगितलं तेव्हा मी लाजले-बिजले नाही. दगडावर माझं नाव, पडदा मीच ओढायचा. सून म्हणाली, दोन शब्द बोलावे लागतील. म्हटलं, दोनावर थांबले तर सांग.

नवे जोडेही घेऊन झाले, आणि ठमी कारखान्यात आली. ठमी म्हणजे थोरल्याची एकुलती लेक. बिनपॉलिशच्या बाकावर बसून नखानं ढलपी उचकटत राहिली. कुसळ शिरेल म्हटलं तरी ऐकेना. शेवटी म्हणाली, "आजी, पडदा ओढायला जाऊ नकोस."

मग एकेक बाहेर आलं. त्याच कॉलेजात तिनं अर्ज केलाय, मुलाखत समारंभानंतरच्या आठवड्यात, घेणारे तेच प्राचार्य. तिच्या वर्गात पहिली येणारी शिंप्याची पोरही त्याच रांगेत. "जागा मिळाली, तर ती मला मिळाली की बाबांनी आणून दिली, हे मला जन्मात कळणार नाही."

म्हणजे लेकी बोले सुने लागे. दगडावर आई, नजर लेकीच्या जागेवर.

थोरल्याला बोलावलं. वाचनालय खुशाल दे म्हटलं, पण प्रवेशाची यादी लागल्यावर. तो म्हणाला, सगळेच देतात, आपण काय चोरी करतोय? मी म्हटलं, मग नंतर दे.

"नंतर दिलं तर काय उपयोग?" म्हणाला, आणि स्वतःचंच ऐकून चपापला.

"तिघांच्या बाकावर चौथं दाटून बसवलं की टोकाचं खाली पडतं," मी म्हटलं. "तेही कुणाचं तरी लेकरू असतं."

आवाज चढवेल असं वाटलं होतं. पण कपाळ चोळत म्हणाला, "मला त्याच दारातून परत पाठवलं होतं, आई. मार्क होते. ओळख नव्हती."

हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा पोरगा निमूट रंधा हातात घेऊन उभा राहिला होता, आणि मी आपली खूश, की धंद्यात लक्ष लागलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तेव्हा टोकाचा तू होतास, बाळा."

समारंभ पुढे ढकलला. यादी लागली. ठमीचं नाव नव्हतं, शिंप्याच्या पोरीचं होतं. ठमीनं दार लावून घेतलं, सून माझ्याशी धड बोलेना. मग ठमी दुसऱ्या कॉलेजात गेली आणि तिथल्या बाकांना नावं ठेवायला लागली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

थोरला शब्दाला जागला. पडदा मीच ओढला, दोन शब्दांवर अर्थातच थांबले नाही. खाली उतरून बघते तर शिंप्याची पोर मैत्रिणींबरोबर, वाचनालयाला दिलेल्या आमच्याच बाकावर. "ठमे, ये की," म्हणत सरकली. ठमी टोकाला टेकली, अर्धी बाहेर, आणि सगळ्या फिदीफिदी हसतायत.

सुताराला सांगून ठेवलंय, पुढची बाकं वीतभर लांब कर.