कुरडयांची राखण

वैशाखाचे ऊन पाचोऱ्याच्या गच्च्यांवर उतरले होते. पांढरे, निःशब्द, निष्ठुर. दूर रेल्वेरुळांवर मृगजळ थरथरत होते, आणि इथे, धुतलेल्या जुन्या धोतरावर, कुरडया वाळत होत्या. शुभ्रतंतू, सूक्ष्मवलय, चंद्राने जाता जाता विसरलेल्या दागिन्यांसारख्या.

त्यांच्या राखणीला बसली होती सुनयना. चाळिशीला टेकलेली, चार दिवसांसाठी माहेरी आलेली. तिच्या नावात सुंदर डोळे होते. ते डोळे मात्र नेमून दिलेल्या जागी कधी सापडले नाहीत.

लहानपणी तिला जिरे आणायला पाठवले, तर ती मांजराचे पिलू घेऊन परतली. जिरे अजून आलेले नाहीत. गणिताच्या तासाला ती खिडकीबाहेरच्या घारीबरोबर निघून गेली, ती थेट सहामाही परीक्षेला उतरली. आणि प्रत्येक वेळी आई, सुमतीबाई, एवढेच म्हणत, “मुद्दाम करतेस तू.”

ते वाक्य काट्यासारखे रुतले. वर कातडी आली. आत काटा राहिला.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या डोक्यातल्या वादळाला नाव दिले: एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न ठरणे. आणि आता तिच्या पिशवीत एक पुस्तक होते. तेच वादळ घेऊन वाढलेल्या, दूरदेशीच्या कुणा बाईचे, मराठीत उतरलेले बालपण. ते आईला वाचून दाखवायचे होते. आईने एकदा, फक्त एकदा म्हणावे, मुद्दाम नव्हते. धीर मात्र होत नव्हता.

म्हणून ती एकटीच वाचत होती. पानावरची मुलगी खडू आणायला वर्गाबाहेर पडली होती आणि मुंग्यांच्या रांगेमागून चालत कुंपणापार पोहोचली होती. हातात खडू नव्हता. मनात शाळा नव्हती. आणि कुणाला फसवावे असेही मनात काही नव्हते.

सुनयना पानावर अधिकच वाकली. सातासमुद्रांपलीकडच्या त्या रिकाम्या हातांत तिला आपले मांजर दिसले.

जन्मभर न लाभलेली एकाग्रता तिला लाभली, ती नेमकी त्या दुपारी.

त्या एकाग्रतेत शेजारची शेळी जिना चढून आली. कृष्णवर्णा, पीतलोचना, मंदगामिनी. तिने एक कुरडई चाखली, सुगरणीला दाद द्यावी तशी मान हलवली, आणि पंगतीला बसल्यासारखी, घाई न करता, ओळीच्या ओळी संपवल्या.

सुमतीबाई वर आल्या तेव्हा धोतरावर ऊन होते, आणि शेळी होती.

“सुनू! अगं, डोळ्यांदेखत? चीक ढवळून खांदे गेले माझे! एवढी घोडी झालीस, एक शेळी दिसत नाही तुला?”

आता ते वाक्य येणार. सुनयनाने ते येऊच दिले नाही. ती मोठ्याने वाचू लागली. खडू, मुंग्या, कुंपण. शेळी चघळत राहिली. मग पुढची ओळ आली: ‘काय आठवायचे आहे ते मला आठवत नसे, काहीतरी आठवायचे आहे, एवढेच आठवे.’

सुमतीबाई मटकन खाली बसल्या. हात नकळत पदराच्या टोकाशी गेला. तिथे एक गाठ होती.

“सकाळी मारली,” त्या हळू म्हणाल्या. “काहीतरी लक्षात ठेवायचं होतं. तुझी आजी चारचौघींत विचारायची, सूनबाई, आज कशाची गाठ? सगळ्या हसायच्या. मला कधी सांगताच यायचं नाही.”

“आई…”

“मुद्दाम नव्हतं गं.”

स्वतःविषयी की लेकीविषयी, ते त्यांनी सांगितले नाही.

सुनयनाने आईचा पदर मांडीवर घेतला. घामाने आवळलेली ती गाठ नखांनी सैल केली, अजून सैल केली, सोडवली. आत काहीच नव्हते. नुसती चुरगळलेल्या सुताची एक चांदणी. उन्हात उमलत गेलेली, उमलत गेलेली, आणि हळूहळू निवत गेलेली.