खुशालरावांच्या बसायच्या जागेवर

अकोल्याच्या बाजारात मीठ, गूळ आणि गोडं तेल यापलीकडे काही मिळत नाही, अशी पार्बताबाईची लग्नापासूनची समजूत होती. ती करून दिली होती तिच्या नवऱ्यानं, खुशालरावांनी. बाळापूरच्या वाटेवरच्या गावातून ते दर बाजाराला सकाळी गाडी जुंपून जायचे, दिवेलागणीला परत यायचे आणि एवढंसं गाठोडं खाली ठेवून म्हणायचे, "काई नाई वं तिथं. नुसता फुफाटा." मग भूक मेली म्हणून अर्धीच भाकर खायचे. पार्बताबाईला त्यांची कीव यायची.

त्या सालात समुद्रापलीकडे कुठंशी लढाई लागली होती म्हणे, आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. गाडीत कापूस तुडवता तुडवता खुशालराव घसरले आणि त्यांचा पाय मुरगळला. कापूस शेजारच्या नत्थुजींनी न्यायचं ठरलं. पार्बताबाई म्हणाली, "मीठमिरची मी आनते," आणि खुशालराव नाही म्हणेपर्यंत कापसावर चढून बसलीसुद्धा.

बाजाराच्या तोंडाशीच तिचे पाय थबकले. कापूस घेऊन गेलेल्या गाड्या येताना मालानं भरून येत होत्या, आणि तो सगळा माल दुकानांबाहेर आला होता. खारकांची पोती तोंड उघडून बसली होती. खोबऱ्याच्या वाट्यांची उतरंड, खडीसाखर, मनुका, वेलदोडे, लवंगा. एका दुकानात धण्यांची रास होती. तिनं त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तशीच उभी राहिली. हाताला गार वाटत होतं.

"कोन्या गावच्या, बाई?" दुकानदार अब्दुल गफ्फारनं विचारलं.

तिनं गाव सांगितलं.

"म्हंजे खुशालरावच्या गावच्या."

पार्बताबाई नवऱ्याचं नाव घेणार कशी? पदर सावरून म्हणाली, "त्याईच्याच घरून आली मी."

गफ्फार लगबगीनं उठला. "भाभी, मंग उभ्या काहून? बसा. हे खुशालरावचीच जागा हाय." त्यानं चौरंग पुसला, मूठभर मनुका तिच्या हातावर ठेवल्या. "ते आले का आधी मनुका, मंग खारीक, मंग समोरच्या हलवायाची जिलबी. मी म्हनतो, घरी न्या. तर म्हनतात, बायकोले गोड चालत नाई."

"चालत नाई का," पार्बताबाई शांतपणे म्हणाली. "आनखी काय म्हनतात?"

आणखी बरंच म्हणत होते. ते सगळं तिनं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता मनुका संपवल्या, खारीक खाल्ली, जिलबी मागवली. मग सगळ्यातलं थोडं थोडं बांधून घेतलं.

घरी खुशालराव बाजेवर पाय लांब करून पडले होते. तिनं एकेक पुडी त्यांच्यापुढे सोडली. खुशालरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे डोळे मोठे केले.

"हे काय असते?"

"खारीक म्हनतात. खाऊन पाहा."

त्यांनी तोंडात टाकली, चावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "जुनी देली तुले त्या गफ्फारनं. नवी तो मागच्या पोत्यात ठेवते."

बोलून गेल्यावर ते चावायचे थांबले. पार्बताबाई पुड्या बांधत राहिली.

"मंग येत्या बाजाराले तुमीच चला," ती म्हणाली. "दाखवा मले, कोन्तं पोतं ते."

पुढच्या बाजाराला खुशालराव काठी टेकत गेले. चौरंगावर पार्बताबाई बसली. गफ्फारनं मागचं पोतं पुढे आणलं, हिंगाचे चार प्रकार हुंगायला दिले, आणि ती प्रत्येकाला वेगळी मान हलवत होती. ओझं धरून खुशालराव बाजूला उभे होते. ऊन डोक्यावर आलं.

"झालं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"एवढ्यात कसं होईन," पार्बताबाई उठत म्हणाली. "त्या बाजूची सारी दुकानं राहून गेली ना."