वाजवून घेतलेलं लाकूड

ठप.

साइकालने दोन ओंडके पुन्हा एकमेकांवर आपटले. ठप. ओल्या गोणपाटावर काठी मारावी, तसा आवाज.

"साइकाल वहिनी, लाकूड आहे ते, कलिंगड नाही," ट्रकच्या फळीवर बसलेला केरिमकुल म्हणाला. "वाजवून काय बघता?"

"कलिंगड ओलं निघालं तर खाता तरी येतं."

"दोन उन्हाळे वाळलंय हे पॉप्लर. आईशप्पथ."

"आईला मध्ये आणू नकोस."

बोलून तिने जीभ चावली. केरिमकुलने घराकडे पाहिलं. त्याची आई बुरमाकान पहिल्या बर्फापासून अंथरुणाला खिळली होती, आणि आज सकाळीच नर्सबाई त्याला फाटकाशी सांगून गेली होती की बहिणींना बोलावून घे. अख्ख्या गल्लीला ते ऐकू गेलं होतं.

साइकालने ओंडके आपल्या रिकाम्या घसरगाडीशेजारी बर्फात टाकले. तिला वेळ नव्हता.

तिचा मुलगा उलार जिल्ह्याच्या इस्पितळातून बायकोला आणि बाळाला आणायला गेला होता. बाळ महिने भरायच्या आत आलेलं. दोन तळव्यांत मावेल एवढं. डॉक्टरीणबाईंनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. खोली ऊबदार हवी. धूर नको.

कोळशाची गाडी घाटापलीकडे अडकलेली. वीज संध्याकाळ झाली की जाते. आणि काल तिने याच केरिमकुलचं लाकूड पेटवून पाहिलं होतं. ओंडक्यांच्या टोकांतून फेस आला, शेगडी रडली, धूर छताला चिकटून राहिला. धडधाकट बाई ती, तरी खोकत बाहेर बर्फात येऊन बसली होती.

खिशातला फोन थरथरला. उलारचा एकच शब्द. निघालो.

म्हणजे ते आता सरोवराच्या कडेने येत असतील.

ती केरिमकुलच्या अंगणातून फिरू लागली. मेंढ्यांच्या गोठ्यामागे, वळचणीखाली, दगडांवर उचलून रचलेली एक चवड होती. वर जाड लोकरी नमदा. तिने कोपरा उचलला.

जर्दाळूचं लाकूड. साल आपोआप गळून गेलेली. टोकांना चांदणीसारख्या भेगा. तिने एक ओंडका ओढला, हाताला वजन लागेना इतका हलका. दुसरा घेतला.

टण.

काचेचा पेला वाजावा तसं. आणि मग तिला खांबाला बांधलेली पांढरी पट्टी दिसली.

वय झालेल्या प्रत्येकाच्या घरी अशी पांढरी पट्टी बांधलेली एक चवड असते. ज्याची त्याने निवडलेली. शेवटचा निरोप द्यायला गाव जमेल, त्या दिवशीच्या जेवणाच्या कढयांसाठी. त्या दिवसापर्यंत तिला कुणी हात लावत नाही. वाजवून तर कुणीच बघत नाही.

"ठेव ते." केरिमकुल धावत आला होता. त्याची 'वहिनी' वाटेत कुठेतरी गळून पडली होती. "खाली ठेव म्हणतो ना!"

ठेवायला हवं, हे तिला कळत होतं. बोटं उघडत नव्हती.

"काय मागशील ते देते."

"लाज नाही वाटत? ती अजून श्वास घेतेय आत!"

"माझा नातूही घेतोय, केरिमकुल. जेमतेम."

त्याने ओंडक्याचं दुसरं टोक धरलं. दोघं तसेच उभे. कुणीच ओढेना, कुणीच सोडेना.

घराचं दार करकरलं.

"केरिमकुल! कढई चढवलीत की काय माझी? अरे, मला सांगायचं तरी!"

बुरमाकान चौकट धरून उभी होती. अंगात मुलाचा कोट, पायांत कुणाचेतरी बूट. लाकडाचा आवाज, दोघांचं बोलणं, सगळं तिला आतपर्यंत ऐकू गेलं होतं.

साइकालच्या हातून ओंडका सुटला. "मावशी, चुकलं माझं."

"ते नंतर. कुणाचं पोर?"

"उलारचं. आज घरी येतंय."

"कुणासारखं आहे?"

"मी अजून पाहिलं नाही."

म्हातारी भिंतीला धरून आली. मध्ये दोनदा थांबली. केरिमकुल आधाराला पुढे झाला, तिने त्याचा हात झटकला. खांबापाशी येऊन ती पांढऱ्या पट्टीची गाठ सोडू लागली. गाठ जुनी होती, बोटं त्याहून जुनी. कुणी मदत करायला धजलं नाही.

गाठ सुटली.

"आता हे नुसतं सरपण," ती म्हणाली. "हिच्या घसरगाडीवर भर."

"आई!"

"आणि इथे ते रच." तिने ट्रककडे बोट केलं.

केरिमकुलने ट्रककडे पाहिलं, मग साइकालकडे, मग स्वतःच्या बुटांकडे.

"ते... ओलं आहे, आई."

दिवसभरात तो पहिल्यांदा खरं बोलला होता.

"दोन उन्हाळे लागतील वाळायला."

"लागू देत. ओल्या लाकडावर माझ्या पाहुण्यांचं मटण शिजवलंस तर बघ. सगळे डोळे पुसत बसतील आणि म्हणतील, म्हातारीसाठी किती रडले!"

केरिमकुल हसला नाही. मुकाट्याने जर्दाळूचे ओंडके घसरगाडीवर भरू लागला. साइकाल दोरी आवळत होती, तेव्हा म्हातारी तिच्या कानाशी वाकली.

"पोराचे चाळीस दिवस भरले की त्याला घेऊन ये. मला बघायचंय."

साइकालने मान हलवली. दोरी खांद्यावर घेऊन ती फाटकापर्यंत आली, आणि मागून आवाज आला म्हणून वळली.

केरिमकुल ट्रकवर चढला होता. त्याने दोन ओंडके उचलले, कानाशी नेले, एकमेकांवर आपटले. आवाज जरासा खणखणीत आला. त्याने ते दोन्ही बाजूला फेकले. दुसरे उचलले. तेही फेकले. जड, काळपट, कापल्या जागी अजून ओले, चिकट असलेले दोन शोधून काढले.

ठप.

ते दोन त्याने खाली आणले, वळचणीखाली दगडांवर अलगद ठेवले, आणि आणखी आणायला ट्रककडे गेला. शेजारच्या ठोकळ्यावर म्हातारी मुठीत पांढरी पट्टी धरून ऐकत बसली होती.